पहिला मसुदा फाडू नका

(कॉलेजच्या पहिल्या वर्षात शिकणाऱ्या तरुण-तरुणींसाठी घेतलेल्या लेखनवर्गात केलेलं भाषण. बोलण्याचा बाज तसाच ठेवून थोडं संपादन केलं आहे.)



गेले चार महिने तुम्ही दर दुसऱ्या रविवारी इथे येताय. पुढच्या वेळी शेवटची बैठक आहे आणि त्या बैठकीला प्रत्येकाने एक पान लिहून आणायचंय. विषय तुम्हाला माहीत आहे : या वर्षात माझं लेखन कसं वाढलं. त्या पानाबद्दल बोलायला मला सांगितलंय.

मागच्या गटाची अशी पानं मी वाचली आहेत. त्यांतली निम्मी एकाच माणसाने लिहिल्यासारखी वाटतात. माझा शब्दसंग्रह वाढला, माझा आत्मविश्वास वाढला, मला व्यक्त होता येऊ लागलं. ही वाक्यं खोटी नाहीत हो, पण ती कुणीही कुणाबद्दलही लिहू शकतो. पोहायला शिकलेल्या मुलाच्या पानावरसुद्धा ती चालतील, फक्त शब्दसंग्रहाच्या जागी दम लिहायचा.

मी काही लेखक नाही. सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. दिवसातला बराच वेळ दुसऱ्यांनी लिहिलेला कोड वाचण्यात आणि माझा कोड दुसऱ्यांना वाचायला देण्यात जातो. त्यामुळे 'वाढलं', 'सुधारलं' असं कुणी म्हणालं की मी सवयीने विचारतो : आधी काय होतं, आता काय आहे, दोन्ही शेजारी ठेवून दाखव. आज मी लेखनाबद्दलही तेच विचारणार आहे.

आधी कॉलेजात काय शिकवतात ते बघू. मुंबई विद्यापीठात इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला 'कम्युनिकेशन स्किल्स' नावाचा विषय असायचा. इथे इंजिनिअरिंगची मुलं आहेत, ती हसतायत म्हणजे शिकवणं अजून तसंच आहे. संवादाची व्याख्या लिहा, संवादातले अडथळे लिहा, व्यावसायिक पत्राचे भाग लिहा. आमच्या वेळी एक पत्र ठरलेलं असायचं : कॉलेजने मागवलेले संगणक नादुरुस्त निघाले, पुरवठादाराला तक्रारीचं पत्र लिहा. साठ मुलांनी साठ पत्रं लिहायची आणि साठही पत्रांत संगणक नादुरुस्त. नेमकं काय बिघडलंय ते एकाही पत्रात नाही, कारण तारीख उजवीकडे की डावीकडे याला मार्क होते, बिघाडाला नव्हते. मग सबमिशनच्या आदल्या रात्री हॉस्टेलवर एक वही फिरायची आणि सगळ्यांचं लेखनकौशल्य पहाटेपर्यंत पूर्ण व्हायचं.

पण त्याच विषयात 'सूचना कशा लिहाव्यात' असा एक छोटा भाग होता आणि आमच्या बाईंनी तो फार वेगळ्या पद्धतीने घेतला. प्रत्येकाने स्टेशनपासून आपल्या घरापर्यंतचा रस्ता एका पानात लिहायचा. मग ते पान अनोळखी मुलाला द्यायचं आणि त्याने फक्त ते वाचून नकाशा काढायचा. विचारायला मनाई. मला मुंब्र्याच्या एका मुलाचं पान आलं. त्यात लिहिलं होतं, मशिदीपासून डावीकडे वळा, मग शादीखान्याच्या मागे. आता मुंब्र्यात मशिदी किती, ते सांगायला नको. त्याच्या घरच्यांनी, गल्लीतल्यांनी ते पान वाचलं असतं तर एकही प्रश्न आला नसता, 'मशीद' म्हणजे त्यांची मशीद. माझ्या नकाशात मात्र तीन मशिदी आल्या आणि घर एकीलाही लागून नव्हतं. बाईंनी दोन्ही कागद फळ्यावर चिकटवले आणि त्याला परत लिहायला सांगितलं. दुसऱ्या वेळी त्याने लिहिलं, हिरव्या मिनाराची मशीद, समोर औषधांचं दुकान, तिथून डावीकडे. त्याचं इंग्रजी दोन्ही पानांत सारखंच मोडकं होतं. पण दुसरं पान वाचून घर सापडत होतं. बाईंनी त्याला पुन्हा मार्क दिले आणि ते जास्त होते.

आपण जेव्हा 'आमचा समाज', 'आमची परिस्थिती' असं लिहितो तेव्हा बरेचदा असंच 'मशिदीपासून डावीकडे' लिहीत असतो. जुम्मा, जमात, बिरादरी, मदरसा, इद्दत हे शब्द आपल्याला घरासारखे. वाचणारा डोंबिवलीचा असेल, नांदेडच्या एखाद्या तांड्यावरचा असेल, त्याच्या डोक्यात याच शब्दांनी दुसरेच नकाशे उभे राहतात. आणि तो समोर नसतो, त्याला विचारता येत नाही.

या गोष्टीवर खूप आधी एक अभ्यास झालाय. अमेरिकेत कॉलेजच्या पहिल्या वर्षाला लेखनाचा अभ्यासक्रम बहुतेक सगळीकडे असतो, इंजिनिअर व्हा, डॉक्टर व्हा, तो करावाच लागतो. नॅन्सी सॉमर्स नावाच्या अभ्यासक बाईंनी १९८० साली एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी पहिल्या वर्षाचे वीस विद्यार्थी घेतले आणि वीस अनुभवी लिहिणारे : पत्रकार, संपादक, प्राध्यापक. प्रत्येकाने तीन निबंध लिहायचे आणि प्रत्येक निबंध दोनदा परत लिहायचा. मग कोण काय बदलतं ते त्यांनी बघितलं. विद्यार्थी शब्द बदलत होते. हा शब्द दोनदा आला, काढा. इथे भारी शब्द घाला. वाक्य साफ करा. त्यांच्या लेखी दुरुस्ती म्हणजे पुसणं आणि स्वच्छ करणं. अनुभवी माणसं मात्र आपलं म्हणणं नेमकं काय आहे तेच पुन्हा शोधत होती. परिच्छेद उडवत होती, क्रम फिरवत होती आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मनात एक वाचणारा बसवून त्याला काय खटकेल ते बघत होती.

म्हणून तुमच्या त्या पानात 'शब्दसंग्रह वाढला' आलं की मी थांबतो. शब्द बदलणं तुम्हाला पहिल्या दिवशीही येत होतं.

आता एक उदाहरण आपल्याच गटातलं. जिचं आहे तिला विचारून सांगतोय, ओळखीचे तपशील बदलले आहेत. पहिल्या महिन्यात तिने घर भाड्याने मिळण्याबद्दल लिहिलं. पहिला मसुदा असा सुरू होत होता : आजही आपल्या समाजात मुस्लिमांना घर मिळणे कठीण आहे, ही अत्यंत खेदाची बाब आहे, संविधानाने सर्वांना समान हक्क दिले आहेत. पुढे पानभर असंच. व्याकरणाची एकही चूक नाही. शाळेत हा निबंध वर्गात वाचून दाखवला असता.

वाचून झाल्यावर कुणीतरी विचारलं, तुला स्वतःला असं कधी झालंय का? ती म्हणाली, हो, गेल्या जूनमध्येच. मग ते कुठाय, असं त्याने विचारलं. दुसऱ्या मसुद्यात ते आलं. फोनवर एजंटने आधी किती माणसं ते विचारलं. नोकरी विचारली. डिपॉझिट सांगितलं. संध्याकाळी घर बघायला या म्हणाला. शेवटी, नंबर सेव्ह करायचाय म्हणून नाव विचारलं. नाव ऐकून दोन सेकंद थांबला आणि म्हणाला, मालकांशी बोलून कळवतो. एवढंच. खेद नाही, संविधान नाही. मी ते वाचलं तेव्हा मला ते दोन सेकंद ऐकू आले. तुमच्यापैकी अनेकांनी ते प्रत्यक्ष ऐकले असतील.

इथे थांबली असती तरी चाललं असतं. पण मसुदा वाचणाऱ्या दुसऱ्या एका मुलीने समासात एक छोटा प्रश्न लिहिला : तुमच्या स्वतःच्या बिल्डिंगमध्ये कोण कोण राहतं? तिसरा मसुदा यायला तीन आठवडे लागले. तिच्या मामांनी त्याच वर्षी दोन खोल्या भाड्याने द्यायला काढल्या होत्या. एक कुटुंब आलं ते बौद्ध होतं. दुसरं उत्तर प्रदेशातलं, आपलंच कलमा पढणारं, पण मामा कोकणी आणि हे अन्सारी. दोघांनाही मामा म्हणाले, घरात विचारून कळवतो. कळवलं कुणालाच नाही.

तिसऱ्या मसुद्यात एजंटचा 'कळवतो' आणि मामांचा 'कळवतो' एकाखाली एक आले. बाकी तिने काही म्हटलं नाही. म्हणायची गरजही राहिली नव्हती.

तिची अम्मी म्हणाली, हे कशाला लिहितेस, बाहेरचे लोक काय म्हणतील. ही भीती मी हसण्यावारी नेणार नाही. आज आपण घरातलं काही लिहिलं की त्याचा स्क्रीनशॉट कुठे कुठे फिरेल, कोण त्यावर काय शीर्षक लावेल, हे आपल्या हातात नसतं. त्यामुळे तो परिच्छेद ठेवायचा की नाही हा तिचा प्रश्न आहे आणि त्यावर तिच्यावर जोर करण्याचा हक्क कुणालाही नाही, या संघटनेलाही नाही. माझं मत विचाराल तर, एजंटबद्दलचं तिचं म्हणणं तिसऱ्या मसुद्यात जास्त वजनदार झालं. पहिल्यात ती तक्रार करत होती, आणि ज्याला तक्रार ऐकायची नाही तो 'तुमच्यातही हेच चालतं' म्हणून पान उलटतो. तिसऱ्यात तिने त्याची ती वाट आधीच चालून दाखवली होती. बघा, या चार महिन्यांत तिच्या वाक्यांची लांबी कमी झाली, भारी शब्द गेले, मार्कांच्या भाषेत 'भाषासौंदर्य' गेलं. आणि लेखन वाढलं.

मघाशी चहाच्या वेळी एकाने मला विचारलं, "भाई, म्हणजे नीट लिहायचं तर मवाळ लिहायचं का? टीव्हीवर रोज आपल्याला शिव्या घालतात, आणि आपण एजंटचे दोन सेकंद मोजत बसायचं?"

चांगला प्रश्न आहे. त्यावर मला एक गोष्ट सांगू द्या. विल्यम एडवर्ड बर्गहार्ट ड्यू बॉइस. अमेरिकेतले काळे विचारवंत, १८६८ चा जन्म. गुलामगिरी कायद्याने संपून तेव्हा दोन-तीन वर्षंच झाली होती. काळ्यांसाठीच्या फिस्क विद्यापीठातून पदवी घेऊन १८८८ साली ते हार्वर्डला आले. तिथे त्यांना पुन्हा पदवीच्याच वर्गात बसावं लागलं. इंग्रजीच्या तासाला पहिला निबंध द्यायचा होता आणि त्याच सुमारास अलाबामाचे सिनेटर मॉर्गन यांनी एका मोठ्या मासिकात काळ्या लोकांवर जहरी लेख लिहिला होता. वीस वर्षांच्या ड्यू बॉइसनी सगळा राग त्या निबंधात ओतला. हातचं काही राखलं नाही. निबंध परत आला, शेरा 'ई'. नापास.

आपल्यातला कुणी असता तर त्याने काय केलं असतं? एक तर म्हणाला असता, मास्तर गोरा आहे, त्याला आमचं दुखणं काय कळणार. किंवा म्हणाला असता, मला लिहिताच येत नाही. ड्यू बॉइसनी आत्मचरित्रात हा प्रसंग सांगितलाय. ते हादरले, पण मास्तरांच्या निर्णयाचे त्यांनी दोन भाग केले. आमचा प्रश्न या लोकांना कळत नसेल, ते वेगळं. माझ्या इंग्रजीबद्दल ते जे म्हणतायत ते मात्र बरोबर असू शकतं. मग त्यांनी इंग्रजीवर मेहनत घेतली आणि सत्र संपेपर्यंत 'ई'चा 'सी' केला. 'सी'च! 'ए' नाही. मला हा 'सी' फार आवडतो. नंतर १८९० साली बॅरेट वेंडेल यांच्या लेखनाच्या वर्गात ते मुद्दाम जाऊन बसले. तिथे त्यांनी लिहून दिलं की जगाला सांगण्यासारखं माझ्याकडे काहीतरी आहे असं मला वाटतं आणि ते नीट सांगता यावं म्हणून मी हा वर्ग घेतलाय. पुढे १९०३ साली त्यांचं 'द सोल्स ऑफ ब्लॅक फोक' आलं. ते वाचा आणि मग मला सांगा, माणूस मवाळ झाला का. राग तसाच आहे. फरक एवढा की ज्या माणसावर राग आहे त्यालाही ते पुस्तक खाली ठेवता येत नाही.

तेव्हा राग काढून टाका असं मी म्हणत नाही. रागाच्या भरात पहिला मसुदा लिहा, बिनधास्त लिहा. फक्त तो व्हॉट्सअॅपवर टाकू नका, कारण तिथे समासात प्रश्न लिहिणारं कुणी नसतं. अंगठा दाखवणारे असतात, नाहीतर शिव्या देणारे. दोघांपासूनही शिकायला काही मिळत नाही.

आणि यासाठी अमेरिकेतच जायला पाहिजे असंही नाही. पुण्यात, जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मांग समाजातल्या मुलीने एक निबंध लिहिला, मांग-महारांच्या दुःखाविषयी. १८५५ साली तो 'ज्ञानोदय'च्या दोन अंकांत छापून आला. मराठीत अस्पृश्य स्त्रीने लिहिलेलं पहिलं लेखन म्हणून त्याचा मान आहे. पण मी त्याकडे एका विद्यार्थिनीची वही म्हणून बघायला सांगतोय. तिने 'अन्याय होतो' म्हणून सोडून दिलं नाही. पेशवाईत तालीमखान्यापुढून मांग-महार गेला तर त्याचं डोकं मारून गुलटेकडीच्या मैदानात तलवारीचा दांडू आणि मुंडक्याचा चेंडू करून खेळत, असं तिने जागेच्या नावासकट लिहिलं. बाळंतपणात डोक्यावर छप्पर नसलेल्या बायकांचे हाल लिहिले. वेद फक्त ब्राह्मणांचे म्हणता, मग आमचा धर्म कोणता, असा सरळ प्रश्न तिने टाकला. आणि त्याच निबंधात तिने हेही लिहिलं की महारांनीही जातिभेद उचललाय आणि ते मांगांना खालचे समजतात. चौदाव्या वर्षी, जिथे सगळं जग विरोधात, तिथे तिने आपल्या बाजूच्या माणसांनाही प्रश्न विचारला. आपल्या गटातली मुलगी मामांबद्दल लिहिताना घाबरत होती तेव्हा मी तिला हा निबंध वाचायला दिला होता. इंटरनेटवर मिळतो. मोठा नाही, अर्ध्या तासात होईल.

आपल्या घरातलं उदाहरण म्हणून हमीद दलवाईंचं नाव इथे निघणारच. तुम्ही त्यांना १९६६ चा सात महिलांचा मोर्चा आणि १९७० सालचं मुस्लिम सत्यशोधक मंडळ यामुळे ओळखता. त्यांच्या सगळ्याच मतांशी मी सहमत नाही, काही ठिकाणी तर भांडणच आहे. पण चिपळूणजवळच्या मिरजोळीचा हा माणूस आधी कथाकार होता. 'लाट' हा कथासंग्रह, मग 'इंधन' ही कादंबरी. कोकणातल्या एका गावात मुसलमान आणि हिंदू जाती एकमेकांशी कशा वागतात, आतून काय धुमसतंय, हे त्यांनी माणसांच्या वागण्यातून लिहिलं. माझा अंदाज असा की माणसं नीट बघायची सवय कथेने लावली आणि मग वैचारिक लेखन त्यावर उभं राहिलं. हा अंदाजच आहे, कुणाला पटला नाही तर वाद घालू.

आता भाषेबद्दल थोडं. ही अडचण आपल्या गटाची खास आहे. घरात कुणाच्या दखनी, कुणाच्या कोकणी, कुणाच्या नुसती मराठी, शाळा मराठी नाहीतर उर्दू आणि कॉलेजात आल्यावर एकदम इंग्रजी. त्यात कुणीतरी कौतुकाने म्हणतं, "अरे वा, तुझं मराठी किती छान आहे!" पाटलांच्या किंवा कुलकर्ण्यांच्या मुलाला हे कुणी म्हणत नाही. मग आपण दोनपैकी एक करतो. एक तर जास्तच शुद्ध लिहू लागतो, अम्मीचं 'माझी आई' होतं, दस्तरखानाचं 'जेवणाचे ताट' होतं. नाहीतर चिडून मराठीत लिहायचंच सोडतो.

मला यावर एक शब्द आठवतो, आपण सकाळपासून वापरतोय तोच. मसुदा. सरकारी मराठीत कायद्याचा मसुदा, कराराचा मसुदा. मूळ अरबी शब्द 'मुसव्वदा', म्हणजे काळं केलेलं. खाडाखोड करून शाईने काळा झालेला कागद. आणि त्यावरून उतरवलेल्या स्वच्छ प्रतीला 'मुबय्यजा' म्हणत, म्हणजे पांढरं केलेलं. ती पांढरी प्रत मराठीत आली नाही, काळी मात्र आली आणि राहिली. तिच्यासोबत कलम आली, कागद आला, दौत आली, शाई आली, मजकूर आला, दुरुस्तीही आली. लिहिण्याच्या खोलीतलं निम्मं सामान अरबी-फारसीतून आलंय आणि ते आज शंभर टक्के मराठी आहे. मराठी लिहिताना आपण पाहुणे आहोत असं वाटलं तर हे सामान एकदा डोळ्यांखालून घाला. सतराव्या शतकात श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' लिहिला. बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल शाहीर अमर शेख झाले. १९९० साली सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं. तुम्ही ज्या वाटेवर आलाय ती वाट वापरात आहे.

तर दस्तरखान लिहा. फक्त त्या मुंब्र्याच्या मुलासारखं, दुसऱ्या वेळी समोरचं औषधांचं दुकानही दाखवा. कंसात अर्थ देण्याची गरज नसते. दस्तरखान अंथरला, त्याभोवती सगळे बसले, एवढ्या वाक्यात वाचणाऱ्याला तो काय ते कळतं.

आता माझ्या धंद्यातलं. तुमच्यातले कित्येक जण असाइनमेंट चॅटजीपीटीकडून लिहून घेतात. हात वर करू नका, मला माहीत आहे. मी कामावर अशी साधनं रोज वापरतो, त्यामुळे त्यांना शिव्या देण्याचं ढोंग करणार नाही. पण ते यंत्र कसं चालतं ते समजून घ्या. अफाट मजकूर त्याने वाचलेला असतो आणि दिलेल्या शब्दांपुढे काय येण्याची शक्यता जास्त, त्या हिशोबाने ते एक एक तुकडा जोडत जातं. त्याला 'मुस्लिमांना घर मिळण्याच्या समस्येवर लिही' असं सांगा. ते तुम्हाला 'आजही आपल्या समाजात' देईल, 'खेदाची बाब' देईल, संविधान देईल. म्हणजे आपल्या मैत्रिणीचा पहिला मसुदा, दहा सेकंदांत. मामांचं 'घरात विचारून कळवतो' ते देऊ शकत नाही, कारण ते तिच्या घराबाहेर कुठे लिहिलेलंच नव्हतं. हे वाक्य यायला तिला तीन आठवडे आणि अम्मीशी एक भांडण लागलं. शुद्धलेखन तपासायला यंत्र घ्या, काही हरकत नाही. पण पहिला मसुदा त्याच्याकडून घेतला तर शेवटच्या पानात लिहायला तुमच्याकडे काय उरेल? ज्याची वाढ दाखवायची ते तुम्ही लिहिलेलंच नसेल.

आणि दुसरी एक सवय आमच्याकडून जरूर उचला. प्रोग्रामर लोक 'गिट' नावाचं साधन वापरतात. लिनक्सवाल्या लिनस टोरवाल्ड्सनी ते २००५ साली बनवलं. त्यात कोडचा प्रत्येक टप्पा जपला जातो. काल काय होतं, आज कुठली ओळ गेली, कुठली आली, कुणी बदलली, सगळं दिसतं. प्रत्येक बदलासोबत एक ओळ लिहायची असते, हा बदल का केला. काय केलं ते कोडमध्ये दिसतंच, का केलं ते लिहावं लागतं. आणि बदल मुख्य कोडमध्ये जाण्याआधी दुसरा माणूस तो वाचतो, ओळीओळीवर शेरे लिहितो. सुरुवातीला नवी मुलं हे शेरे मनाला लावून घेतात. महिन्याभरात त्यांना कळतं की शेरा त्या ओळीवर आहे, आपल्यावर नाही.

तुम्हाला गिट शिकायची गरज नाही. वही पुरेल, फोनवरच्या नोट्स पुरतील. जुनं खोडू नका, खाली नवीन लिहा, तारीख टाका आणि बदल का केला त्याची एक ओळ. पहिला मसुदा वाचून लाज वाटते म्हणून मुलं तो फाडतात. मागच्या गटात हेच झालं. चांगलं लिहू लागलेल्या मुलांकडे शेवटचा लेख होता, पहिला नव्हता, आणि मग त्यांना 'आत्मविश्वास वाढला' असंच लिहावं लागलं. पुरावा कचऱ्यात गेला होता.

तर पुढच्या बैठकीसाठी. ज्यांच्याकडे पहिला मसुदा आहे त्यांनी तो आणि शेवटचा, दोन्ही आणा. एका पानात सगळं वर्ष सांगू नका. दोन्हींतला एकच परिच्छेद निवडा, शेजारी शेजारी उतरवा आणि खाली लिहा : काय गेलं, काय आलं, कुणाच्या कुठल्या प्रश्नामुळे आलं. ज्याने प्रश्न विचारला त्याचं नाव लिहा, त्याला बरं वाटेल. वाढ दिसत नसेल तर तसंही लिहा, पण कुठे अडलंय ते दाखवा. 'ई'पासून 'सी'पर्यंत आला असाल तर 'सी' लिहा.

ज्यांनी पहिला मसुदा फाडलाय त्यांनी माझ्याकडे या. पहिल्या बैठकीत जमा केलेल्या कागदांचे फोटो मी काढून ठेवलेत. नाव सांगा, आज रात्री पाठवतो. फक्त जून महिन्यात उशिरा आलेल्या चौघांचे माझ्याकडे नाहीत, त्यांनी जुलैचा चालवून घ्या.

प्रश्न असतील तर विचारा. मागे बसलेल्यांपासून सुरुवात करू.